स्लॅगची पावडर वेगळी, स्लॅगची खडी वेगळी

मागच्या उन्हाळ्यात अमळनेरला मामांच्या घराचं काम चालू होतं आणि क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) फोडायला धुळ्याच्या लॅबमध्ये जाताना मी मामांनाच गाडीत बसवून नेलं. २८ दिवसांचा क्यूब, मशीनखाली कडकन फुटला, रिझल्ट एकदम चांगला आला, पण तुकडा हातात घेऊन मामा गप्पच झाले. बाहेरून नेहमीसारखा राखाडी आणि आतून चक्क निळसर हिरवा, शेवाळ धरल्यासारखा. म्हणाले, "काँक्रीट मझार सडी गयं का रे भो?"

सडलं काहीच नव्हतं. सिमेंट स्लॅगचं होतं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं. स्लॅगमध्ये थोडं सल्फाइड असतं त्याचा तो रंग, हवा लागली की जातो. तुकडा घरी आणून ओट्यावर ठेवला, काही दिवसांत साध्या काँक्रीटसारखा दिसायला लागला.

पण मामांच्या डोक्यात दुसरंच बसलं होतं. गल्लीत कुणीतरी सांगितलेलं की स्लॅग फुगतो, प्लास्टर उडवतो, त्यामुळे स्लॅगचं सिमेंट नको म्हणून ते हटून बसले, आणि त्याच वेळी स्लॅबसाठी एका पोलादाच्या भट्टीवरून स्वस्तात मिळणाऱ्या स्लॅगच्या खडीला मात्र होकार देऊन मोकळे झाले होते. म्हणजे जे घ्यायला पाहिजे ते नको आणि जे चुकूनही नको ते स्लॅबमध्ये. हा घोळ मी चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत इतक्या साईटवर बघितलाय की आता नीट लिहूनच टाकतो.

स्लॅग म्हणजे धातू वितळवताना वर तरंगणारी मळी. पण कोणत्या भट्टीची आणि थंड कशी केली, यावर सगळं ठरतं. कच्च्या लोखंडाची जी उंच भट्टी असते, ब्लास्ट फर्नेस, तिच्यात साधारण १५०० अंशाला चुनखडी आणि खनिजातली माती मिळून स्लॅग तयार होतो. या उकळत्या स्लॅगवर पाण्याचा जोरदार फवारा मारला की त्याला स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, काचेसारखे दाणे पडतात, लांबून बघितलं तर फिकट रेती वाटते. ती सिमेंटइतकी बारीक दळली की झाली पावडर, साईटवर जिला जीजीबीएस म्हणतात. नुसत्या पाण्याने ती फार हळू घट्ट होते, पण सिमेंटमधून सुटणारा चुना मिळाला की जागी होते आणि स्वतःच सिमेंटचं काम करायला लागते. म्हणून ही जाते सिमेंटच्या जागी. पोर्टलँड स्लॅग सिमेंटच्या गोणीवर आयएस ४५५ (या सिमेंटचं भारतीय मानक) लिहिलेलं असतं आणि त्यात २५ ते ७० टक्के हीच पावडर चालते.

आता तोच स्लॅग खड्ड्यात ओतून हळूहळू गार होऊ दिला तर दगड होतो. तो फोडला की खडी. ती सिमेंटसारखी चिकटत बिकटत नाही, ती जाते दगडाच्या जागी, आपल्या काळ्या ट्रॅपच्या (बसाल्ट दगडाच्या) खडीऐवजी. रसायन जवळजवळ तेच, पण एक पाण्याने गार केलेला आणि दुसरा हवेने, आणि कामं पूर्ण वेगळी.

आणि तिसरा आहे पोलादाच्या भट्टीचा स्लॅग, सगळी बदनामी खरं तर याची. याच्यात न विरघळलेला मोकळा चुना आणि मॅग्नेशिया राहतं. कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर कसा फुलतो हे आपल्याकडे सगळ्यांनी बघितलंय, तेच इथे स्लॅबच्या आत होतं, फक्त सावकाश, महिने दोन महिने किंवा वर्षांनीसुद्धा, आणि मग पापुद्रे उडतात, गोल गोल खळगे पडतात. म्हणून हा स्लॅग आधी उघड्यावर पाणी खात पडू द्यावा लागतो. यावर लोक म्हणतात की सुरतजवळ हजीऱ्याला २०२२ मध्ये पोलादाच्या स्लॅगचा सहा पदरी रस्ता झालाच ना. झाला, आणि चांगलंच काम आहे, पण तो प्रक्रिया केलेला स्लॅग होता आणि तो रस्ता आहे. स्लॅबमध्ये सळई असते आणि खाली माणसं झोपतात.

खडी-रेतीचं मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत हे आकड्यांत दिलंय. आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, ब्लास्ट फर्नेसच्या स्लॅगची खडी २५ टक्क्यांपर्यंत चालते, पोलादाच्या स्लॅगची शून्य. मामांना मी फक्त हा शून्य दाखवला. (दीपनगरच्या वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेचंही असंच, उडती बारीक राख सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत चालते, बॉयलरच्या तळाची जाड राख आरसीसीत खडी म्हणून अजिबात नाही.)

मलब्याचाही हाच घोळ आहे. सगळ्या मलब्याला लोक रिसायकल खडी म्हणतात, पण नुसतं जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी वेगळी आणि वीट, टाईल, प्लास्टर, माती सगळं मिसळलेली वेगळी. पहिली आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत चालते, तीही एम २५ पर्यंतच (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा). दुसरी आरसीसीत नाहीच, फक्त एम १५ च्या खालच्या, कमी सिमेंटच्या काँक्रीटला. आपल्याकडे जुना वाडा पाडला की त्यात धाब्याची माती, लोणा लागलेल्या विटा, वरून हल्लीच्या पीओपीचे तुकडे असतात, यातले क्षार सळईचे आणि सिमेंटचे वैरी आहेत. आणि शुद्ध काँक्रीटची खडी असली तरी तिला जुना मसाला चिकटलेला असतो, तो पाणी ओढतो. ट्रॅपची खडी एखादा टक्का पाणी पिते, ही त्याच्या कितीतरी पट. मे महिन्यात ती कोरडीच मिक्सरमध्ये टाकली तर काँक्रीट मिस्त्रीच्या हातातच सुकतं, मग तो पाण्याची बादली ओततो आणि ताकद गेली. आदल्या दिवशीच भिजवून ठेवायची.

स्लॅग सिमेंटमध्ये मला एकच खरी अडचण दिसते, ते सुरुवातीला हळू चालतं. सात दिवसांचा क्यूब कमी येतो, २८ ला बरोबरी करतं, पुढे वाढतच राहतं. म्हणून सेंट्रिंग काढायची घाई करायची नाही आणि पाणी जास्त दिवस मारायचं. काँक्रीट कामाचं मानक आयएस ४५६ कडक उन्हात अशा सिमेंटला १४ दिवस सांगतं, साध्याला १० दिवस.

मामांनी खडीचा ट्रक फाट्यावरूनच परत पाठवला, वाहतुकीचे पैसे त्यांच्या अंगावर आले तरी. स्लॅब स्लॅग सिमेंटचाच टाकला, साध्या ट्रॅपच्या खडीने. नंतर १४ दिवस मामी पहाटे आणि दुपारी वर जाऊन गोणपाट ओले करत होत्या, ४४ अंशाच्या उन्हातसुद्धा एक वेळ चुकली नाही.