सातवं अक्षर

पडून उजव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि आजी घरी आल्या. आता आठवड्यातून दोन-तीनदा नर्स घरी येऊन टाके बघते, फिजिओथेरपिस्ट वॉकर धरून चालवतो. अमेरिकेत अशी घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांचे पैसे बऱ्याचदा मेडिकेअर या सरकारी विम्यातून येतात. ते मिळण्यासाठी आजींचं दुखणं एका कोडमध्ये लिहावं लागतं.

३० सप्टेंबर २०१५ पर्यंत हा कोड होता व्ही ५४.१३. त्याचा अर्थ एवढाच, की खुब्याचं मोडलेलं हाड भरत आहे आणि त्याची पुढची काळजी घेतली जात आहे. दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची नववी आवृत्ती सोडून दहावी घेतली, आणि तिथे एस ७२.००१डी असं लिहायचं होतं. एस ७२ म्हणजे मांडीचं हाड मोडलं, पुढची दोन शून्यं म्हणजे हाडाच्या मानेशी, म्हणजे खुब्याजवळ मोडलं, १ म्हणजे उजव्या बाजूचं. शेवटचा, सातव्या जागेवरचा डी सांगतो की पहिले उपचार झालेत आणि हाड नीट जुळतंय. जुळायला वेळ लागत असेल तर तिथे जी येतो, जुळलंच नसेल तर के, वाकडं जुळलं तर पी. आजी बऱ्या होताहेत की नाही, हे त्या एका अक्षरात आलं. मला या पद्धतीतलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ते हेच.

रोगांच्या या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचं मूळ १८९३ मध्ये जाक बर्तियों यांनी मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. दहाव्या आवृत्तीला जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच मान्यता दिली होती. अमेरिकेने मृत्यूच्या नोंदींसाठी ती १९९९ पासून वापरली, पण जिवंत रुग्णांसाठी नववीच चालू ठेवली. आधी २०१३, मग २०१४ अशा तारखा पुढे ढकलत शेवटी १ ऑक्टोबर २०१५ उजाडला. सुमारे १४ हजार निदान-कोडच्या जागी जवळजवळ ६९ हजार आले.

घरपोच सेवेची तेव्हा एक वेगळीच अडचण होती. मेडिकेअर या संस्थांचा हिशेब ६० दिवसांच्या टप्प्याने करत असे. ऑगस्टच्या मध्यावर सुरू झालेला टप्पा ऑक्टोबरात संपणार, म्हणजे सुरुवातीची पैशांची मागणी जुन्या कोडने आणि शेवटचं बिल नव्या कोडने. माणूस तोच, जखम तीच, पण कागदावर नावं दोन. म्हणून अशा रुग्णांचे कोड आधीपासून दोन्ही पद्धतींनी लिहून ठेवणं शहाणपणाचं होतं.

जुन्या कोडवरून नवा शोधायचे तक्ते होतेच. मग सॉफ्टवेअरनेच बदलून घ्यायचे की! इथेच गोची होती. मधुमेहाच्या रुग्णाच्या टाचेवरची जखम घ्या. जुना ७०७.१४ सांगायचा, ‘टाचेला किंवा तळपायाच्या मधल्या भागाला व्रण आहे’. नवा कोड विचारतो, पाय उजवा की डावा? फक्त कातडी गेलीय, खालची चरबी दिसतेय, स्नायू कुजलाय, की हाडही कुजलंय? जे कधी लिहूनच ठेवलं नाही, ते कुठला तक्ता शोधून देणार? ते दिसतं फक्त पट्टी सोडून जखम धुणाऱ्या नर्सला. त्यामुळे माझ्या मते खरी तयारी संगणकाची नव्हती, नर्सच्या वहीची होती. ‘टाचेची जखम, ड्रेसिंग केले’ एवढ्यावर भागत नव्हतं. ‘उजवी टाच, चरबीचा थर उघडा’ असं लिहायची सवय लावायची होती. रुग्णाला घरी पाठवणाऱ्या डॉक्टरांकडूनही तेवढीच नेमकी नोंद मागून घ्यायची होती.

अशा नोंदी वाचून कोड लावण्याचं काम पुण्यात आणि नवी मुंबईतही चालतं. आपली कितीतरी मुलंमुली इथे बसून अमेरिकेतल्या रुग्णांच्या फायली उघडतात. त्यांनी शरीररचना नव्याने घोकली, सातव्या अक्षराचे नियम पाठ केले. पण टाच त्यांना दिसत नाही, आणि अंदाजाने कोड लावायची मुभा नाही. नोंदीत बाजू नसेल तर फाईल बाजूला ठेवून ते एकच प्रश्न परत पाठवतात: पाय कुठला, उजवा की डावा?