क्ष-किरण तंत्रज्ञ व्हायचे आहे? फी भरण्याआधी हे कागद तपासा

मी सरकारी रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात काम करते. निकालाचे दिवस आले की आमच्या दाराशी कुणी ना कुणी उभे असते. मुलगा किंवा मुलगी, सोबत वडील, हातात प्लास्टिकची फाईल. ‘कोर्स पूर्ण झालाय, पण नोंदणी होत नाही म्हणतात. काय करावं?’ फाईल उघडली की पहिल्या दोन-तीन कागदांतच अडचण दिसते. ती सांगताना जीव तुटतो, कारण तोवर फी भरून झालेली असते आणि दोन वर्षेही गेलेली असतात. म्हणून ही माहिती अर्जाच्या आधी वाचण्यासाठी लिहिते आहे.

सुरुवात बारावीपासून. बारावी विज्ञान शाखेतूनच हवी आणि भौतिकशास्त्र विषय हवाच. पदवीला जायचे असेल तर रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रही लागते. ‘दहावीवर चालते’, ‘आर्ट्सवाल्यांनाही घेतो’ असे सांगणारे संस्थाचालक गावोगाव आहेत. ते प्रवेश देतील, वर्ग भरवतील, प्रमाणपत्रही देतील. पण क्ष-किरण यंत्र चालवायला रुग्णालयाला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. त्यासाठी मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर यंत्रासोबत ते चालवणाऱ्या माणसाची शैक्षणिक पात्रताही दाखवावी लागते. ओळखीचे डॉक्टर तुम्हाला ठेवून घ्यायला कितीही तयार असले, तरी तुमचे कागद तिथे बसले नाहीत तर त्यांचाच परवाना अडचणीत येतो. मग ते तुम्हाला मदतनीस म्हणून ठेवतात, पगारही मदतनिसाचा देतात, आणि त्यात वर्षे निघून जातात.

कोर्सचे मुख्य मार्ग दोन. पहिला पदवीचा. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी (परावैद्यक तंत्रज्ञान) ही पदवी रेडिओग्राफीमध्ये करता येते. तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. इतर मान्यताप्राप्त विद्यापीठांत याच विषयाची बी.एस्सी. असते. दुसरा मार्ग पदविकेचा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. केंद्राने २०२१ मध्ये सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे. त्यात या क्षेत्रातल्या पदविकेसाठी किमान दोन वर्षे आणि २,००० तासांचे शिक्षण सांगितले आहे, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान तीन वर्षे आणि ३,६०० तास. सहा महिन्यांचे किंवा एक वर्षाचे ‘एक्स-रे टेक्निशियन प्रमाणपत्र’ या दोन्ही मापांत बसत नाही. रेल्वेच्या भरतीतही रेडिओग्राफर पदाला बारावीत भौतिक आणि रसायनशास्त्र आणि वर दोन वर्षांची पदविका मागतात. वर्षभराचे प्रमाणपत्र घेऊन अर्ज भरणारे परीक्षा पास होतात आणि कागदपत्र तपासणीच्या दिवशी बाहेर पडतात. त्या दिवसाचे दुःख नापास होण्यापेक्षा मोठे असते.

‘मान्यताप्राप्त’ हा शब्द माहितीपत्रकावर असतोच. प्रश्न एकच विचारा: मान्यता कोणाची? मग बहुतेक ठिकाणी तीन कागद पुढे येतात. धर्मादाय आयुक्तांकडील ट्रस्टची नोंदणी, आयएसओ प्रमाणपत्र आणि उद्यम नोंदणी. ट्रस्टची नोंदणी म्हणजे ट्रस्ट आहे एवढेच. आयएसओ प्रमाणपत्र कार्यालयीन कामकाजाच्या पद्धतीला मिळते. उद्यम नोंदणी तर पिठाच्या गिरणीलाही मिळते. यातला एकही कागद कोर्सला मान्यता देत नाही. हवी ती विद्यापीठाची किंवा राज्याच्या सक्षम मंडळाची मान्यता, तीही त्याच कोर्सची, त्याच केंद्रासाठी, तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची. संस्थेकडून त्या पत्राची प्रत मागा आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालयांच्या यादीत नाव स्वतः शोधा. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग जाहीर करतो, तीही एकदा पाहा. परराज्यातल्या विद्यापीठाचे नाव सांगून इथे वर्ग भरवणाऱ्या केंद्रांबाबत तर दुप्पट सावध राहा. फी भरल्यावर पत्र दाखवू म्हणणाऱ्यांना नमस्कार करून बाहेर या.

दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने हा कोर्स होत नाही. हात यंत्रावर बसल्याशिवाय, रुग्णाला टेबलावर नीट वळवून ठेवायला शिकल्याशिवाय कुणी तंत्रज्ञ होत नाही. म्हणून प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात आहे, ते लेखी घ्या आणि शक्य असेल तर तिथे एकदा जाऊन या.

आणखी एक फसवणूक सर्रास दिसते. ‘एक्स-रे, सीटी, एमआरआय व सोनोग्राफी टेक्निशियन’ असा एकत्र डिप्लोमा विकला जातो. पहिली तीन यंत्रे तंत्रज्ञ चालवतात. सोनोग्राफीचे तसे नाही. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, आणि कायद्याने ठरवलेली पात्रता असलेल्या डॉक्टरांनीच गर्भवतीची तपासणी करायची असते. तंत्रज्ञाने प्रोब (तपासणीसाठी अंगावर फिरवायचे उपकरण) हातात घेतला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. मुलींना विशेष सांगते: प्रसूतिगृहात नोकरी देताना कुणी ‘सोनोग्राफीही करावी लागेल’ म्हणाले, तर ती नोकरी घेऊ नका.

प्रवेशाच्या कागदांत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला हे नेहमीचे. मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. हे सगळे आठवडाभरात जमते.

जमत नाही ते जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जिल्हा जात पडताळणी समितीचे प्रमाणपत्र लागते. तिथे पुरावा मागतात तो तुमचा नव्हे, आजोबा-पणजोबांचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, ऊसतोडीला किंवा मेंढरामागे आयुष्य काढले, त्यांच्या शाळेचा उतारा घरात कुठून असणार? ही अट लिहिणाऱ्यांनी एकदा तहसीलच्या रांगेत उभे राहून पाहावे, असे मला फार वाटते. तरी मार्ग आहेत. आजोबा शिकले नसतील तर त्यांचा भाऊ किंवा चुलत भाऊ शिकला असेल. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला पुरावा वंशावळीसह चालतो. जुन्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा. तोही नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा. यालाच कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदींसमोर जात लिहिलेली सापडते. नोंद मोडीत असेल तर लिप्यंतर करून घ्यावे लागते. या सगळ्याला महिने जातात, म्हणून अर्ज अकरावीतच करा. बारावीच्या निकालानंतर धावणारी मुले समितीसमोर रडताना मी पाहिली आहेत.

नॉन-क्रीमीलेयरची गोष्ट तारखेची. त्याची वैधता ३१ मार्चला संपते. जाहिरात मार्चमध्ये आली आणि अर्जाची मुदत एप्रिलमध्ये असेल, तर जुना दाखला जोडून स्वस्थ बसू नका. शिवाय राज्याच्या नमुन्यातला दाखला रेल्वे, एम्स अशा केंद्राच्या भरतीत चालत नाही. तिथे ओबीसींसाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याचे एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्राच्या भरतीत नाही. सेतू केंद्रात ‘केंद्राचा नमुना’ हे शब्द स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच छापून हाती देतात. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी मुद्रांक शुल्क माफ आहे. पाचशेचा स्टँप आणा म्हणून कुणी परत पाठवले तर तसे शांतपणे सांगा.

नावाचा घोळ छोटा दिसतो आणि मोठा होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदविकेवर वडिलांचे नाव गळलेले. लग्नानंतर मुलींचे तर तीन कागदांवर तीन नावे. अर्जात नाव नेहमी दहावीप्रमाणे लिहा. बदल खरोखर झाला असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि त्या पानाची प्रत कायम फाईलमध्ये ठेवा.

पास झाल्यावर थेट कामाला लागू नका. महाराष्ट्रात २०११ च्या कायद्याने परावैद्यक परिषद आहे आणि या व्यवसायाला तिची नोंदणी लागते. अर्ज ऑनलाइन, कागद नेहमीचे. अर्ज अडकतात ते दोन कारणांनी. एक, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका जोडल्या नाहीत. दोन, संस्थेचीच मान्यता नव्हती, आणि याला तेव्हा काहीच उपाय उरत नाही. पदवीवाल्यांनी इंटर्नशिप अर्धी सोडून खाजगी केंद्रात जाऊ नये. पूर्णत्वाचा दाखला नाही तर पदवी नाही. नोंदणीवरची वैधतेची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

भरतीच्या जाहिरातीत ‘अर्जाच्या अंतिम दिनांकास पात्रता धारण केलेली असावी’ असे वाक्य असते. याचा अर्थ त्या दिवशी निकाल लागलेला हवा. ‘निकाल आठ दिवसांत येतोय’ चालत नाही. अनुभवाचा दाखला लागत असेल तर तो लेटरहेडवर, जावक क्रमांक, शिक्का, पद आणि रुजू-कार्यमुक्तीच्या तारखांसह घ्या. ‘आमच्याकडे काम केले, वागणूक चांगली’ एवढ्या दोन ओळी तपासणीत टिकत नाहीत.

शेवटी टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारा बिल्ला. अठरा वर्षांखालील कुणालाही किरणोत्सर्गी कामावर नेमता येत नाही आणि सोळाखालील व्यक्तीला प्रशिक्षणालाही घेता येत नाही. तंत्रज्ञाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसीव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलीसीव्हर्ट ही मर्यादा आहे. ती पाळली जाते की नाही हे फक्त हा बॅज सांगतो. तो छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत लावायचा आणि दर तिमाहीला तपासणीला जायला हवा. काही ठिकाणी नव्या मुलांना महिनोन्‌महिने बॅजच देत नाहीत, किंवा दुसऱ्याचा लावायला सांगतात. तसे करू नका, लेखी मागणी करा. बॅजसोबत तुमचा वैयक्तिक क्रमांक येतो आणि तो जन्मभर तोच राहतो. नोकरी सोडताना तो क्रमांक आणि तोवरच्या मात्रेची नोंद मागून घ्या, आणि नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी तो क्रमांक द्या, नवा काढू देऊ नका.