स्टेशन रोटेशन आणि वैयक्तिक रोटेशन

९० मिनिटांच्या तासाला वर्गात वेगवेगळ्या कामाचे चार कोपरे, म्हणजे ‘स्टेशनं’, मांडले आणि मुलं त्यांवरून फिरू लागली, की सरसकट त्याला ‘स्टेशन रोटेशन’ म्हटलं जातं. पण कुठे कुठे जायचं याची प्रत्येक मुलाच्या हातात वेगळी यादी असेल, तर ते वैयक्तिक रोटेशन. हेदर स्टेकर आणि मायकेल हॉर्न या अमेरिकन शिक्षण-अभ्यासकांनी २०१२ साली मिश्र अध्ययनाचं (वर्गातलं आणि ऑनलाइन शिकणं एकत्र) जे वर्गीकरण मांडलं, त्यात हे दोन्ही रोटेशनचेच उपप्रकार आहेत. दोन्हींत एक तरी ठिकाण ऑनलाइन कामाचं असतं, म्हणूनच घोळ होतो.

विचारायचं एवढंच: प्रत्येक मुलाला प्रत्येक स्टेशनवर जायचंच आहे का? ‘हो’ असेल तर स्टेशन रोटेशन. वैयक्तिक प्रकारात मूल फक्त यादीतल्याच ठिकाणी जातं.

स्टेशन रोटेशनमध्ये खरी फसगत होते ती क्रमात. समजा, अपूर्णांकांची बेरीज आहे. एकीकडे व्हिडिओ, दुसरीकडे सराव, तिसरीकडे कागदाच्या पट्ट्या, चौथीकडे शिक्षक. चारही गट एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे एक गट व्हिडिओ न बघताच सरावाला बसतो आणि वहीत १/२ + १/३ = २/५ उमटतं. ही चूक मुलांची नाही, मांडणीची आहे. म्हणून इथे प्रत्येक स्टेशन स्वतंत्रपणे करता आलं पाहिजे. सरावाला मागच्या आठवड्यातली गणितं ठेवावीत, नवा भाग शिक्षकांच्या टेबलावरच उलगडावा.

वेळेचा हिशोबही आधीच करा. १८ मिनिटांची चार स्टेशनं म्हणजे ७२, जागा बदलायला दोन-दोन मिनिटं तीनदा. उरलेल्या १२ पैकी पाच सुरुवातीच्या सूचनांना, सात शेवटच्या छोट्या चिठ्ठीला. त्या चिठ्ठीवर प्रत्येक मुलाला सोडवायला एकच उदाहरण द्यायचं.

वैयक्तिक रोटेशन सुरू होतं ते याच चिठ्ठीपासून. २/५ लिहिणारी मुलगी उद्या आधी पट्ट्यांकडे, मग शिक्षकांकडे जाईल. बरोबर सोडवणारा मुलगा दोन्ही टाळून थेट शाब्दिक उदाहरणांकडे. इथे क्रम पाळता येतो, कारण तो प्रत्येकासाठी वेगळा ठरतो. मात्र ४० चिठ्ठ्या वाचून ४० याद्या करणं रोज हाताने जमत नाही. त्यासाठी बहुतेक वेळा सॉफ्टवेअर लागतं. ते नसेल तर मी स्टेशन रोटेशनच धरायला सांगेन, फक्त शिक्षकांच्या टेबलावर गटाऐवजी चिठ्ठ्या बघून नावं पुकारायची.