आंब्यावरचा आळ

मे महिना आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरोघरी एकच निदान ऐकू येतं : ‘आंबे खाल्लेस ना, मग पुटकुळ्या येणारच. उष्ण पडतात.’ ऐन हंगामात मुलं आंबा सोडतात आणि पुटकुळ्या होत्या तिथेच राहतात. खरं कारण बऱ्याचदा घरातल्या औषधांच्या डब्यात पडलेलं असतं.

आधी एक गल्लत दूर करू. मे महिन्यात अंगावर जे जे उठतं ते सगळं मुरुम नसतं. घामाच्या नलिका तुंबल्या की घामोळं येतं. केसाच्या मुळाशी जंतूंचा संसर्ग झाला की केस्तूड होतं. ओठांभोवती खाज सुटून पुरळ आलं, तर ती देठाजवळच्या चिकाची करणी. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो तसाच हा चीकही त्वचेवर उततो. देठाचा चीक निथळू द्यावा, फळ धुवावं आणि साल दातांनी न ओढता फोडी करून खाव्यात, म्हणजे हा त्रास बहुतेक टळतो.

मुरुमाची सुरुवात होते ती दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी. केसाच्या छिद्रातल्या मृत पेशी झडून बाहेर न पडता एकमेकींना चिकटतात आणि बूच तयार होतं. त्यामागे तैलग्रंथीचं तेल साचतं, त्यावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात, छिद्राची भिंत फुटते आणि मग लाल पुटकुळी दिसते. त्यामुळे काल खाल्लेल्या आंब्यावर आजच्या पुटकुळीचं खापर फोडता येत नाही. उपचाराचा गुण जोखायलाही 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात, ते याच कारणाने.

आहाराचा संबंध मुळीच नाही असं मात्र नव्हे. रक्तातली साखर झपाट्याने वाढली की इन्सुलिन वाढतं आणि आयजीएफ-1 या वाढीच्या संप्रेरकाचा प्रभावही वाढतो. फॉक्सओ-1 नावाचं प्रथिन एरवी पेशीच्या केंद्रकात राहून तेलनिर्मितीला आवर घालतं. इन्सुलिन आणि आयजीएफ-1 यांच्या इशाऱ्याने ते केंद्रकाबाहेर जातं, एमटॉर हे प्रथिन सक्रिय होतं आणि ग्रंथी जास्त तेल बनवू लागते. ऑस्ट्रेलियात 43 तरुणांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, साखर हळू वाढवणारा आहार 12 आठवडे घेणाऱ्यांचे मुरुम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. आंब्याचा ग्लायसेमिक इंडेक्स (रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते याचं माप) पन्नाशीच्या आसपास, म्हणजे फार नाही. मैद्याच्या पुऱ्यांबरोबर वरून साखर घातलेला आमरस ही गोष्ट वेगळी. अमृत कोकमात साखर भरपूर असते, आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, सोलकढीत ती नसते. दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, मुरुमांशी संबंध काही पाहण्यांत दिसला आहे. व्यायामशाळेतल्या व्हे प्रोटीनबद्दलही तशा नोंदी आहेत.

आता औषधांच्या डब्याकडे वळू. पावसाळ्यात कोकणात कपडे वाळत नाहीत, जांघेत गजकर्ण होतं आणि दुकानातून एक ट्यूब येते. तिच्यात बुरशीनाशकाबरोबर बहुधा तीव्र स्टेरॉइड असतं. पुढे तीच ट्यूब चेहऱ्यावर चढते. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज दबते आणि दोन-तीन दिवसांत लाली ओसरते. माणूस खूश होतो. आत मात्र छिद्राचं अस्तर कमकुवत होऊन फुटू लागतं. शिवाय जिवाणूंची चाहूल घेणारे टीएलआर-2 हे संवेदक रेणू पेशींवर वाढतात. मलम चालू असेपर्यंत दाह दबलेला राहतो. थांबवलं की तो दुप्पट जोराने उसळतो. मग पुन्हा मलम. कातडी पातळ होते, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात.

हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडवरच्या जुन्या मोजमापानुसार हाताच्या आतल्या बाजूपेक्षा कपाळावरून सुमारे 6 पट, तर जबड्यावरून 13 पट औषध शोषलं जातं. म्हणून जांघेची ट्यूब चेहऱ्याला कधीही लावू नये. स्टेरॉइडचे मुरुम ओळखण्याची खूण म्हणजे सगळे फोड एकाच आकाराचे, एकाच अवस्थेतले असतात आणि काळे ठिपके क्वचितच दिसतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव आहे का ते वाचा. गोरेपणासाठी खपणाऱ्या अनेक मलमांत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला मोमेटासोन असतं. 2018 मध्ये सरकारने 14 स्टेरॉइड्सची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सहज मिळतात, ही संतापाची गोष्ट आहे. महिनोन्‌महिने लावलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच सोडावं. ‘रक्तशुद्धी’चे काढे इथे कामाचे नाहीत, रक्त गाळायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत.

पोटातून घेतलेलं प्रेडनिसोलोन, क्षयावरचं आयसोनियाझिड, लिथियम आणि शरीर कमावण्यासाठी टोचली जाणारी ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स यांनीही मुरुम वाढतात. बी-12 च्या मोठ्या मात्रेनेही काहींना ते येतात, कारण हे जीवनसत्त्व आयतं मिळालं की जिवाणू ते बनवणं कमी करतात आणि पॉर्फिरिन हे दाहक द्रव्य जास्त तयार करतात. क्षयाच्या गोळ्या मात्र मुरुमांपायी कदापि बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगावं, मुरुमांवर वेगळा इलाज होतो.

राहिली तेलं. नारळ जेवणात बिनधास्त खावा, पण खोबरेल छिद्रं बुजवणारं आहे. रात्री डोक्याला थापलेलं तेल घामाबरोबर कपाळावर उतरतं आणि केसांच्या कडेने बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. तेल धुण्याच्या तासभर आधी लावावं, उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. मच्छीमार बोटींच्या इंजिनांवर काम करणाऱ्यांना मांड्यांवर आणि हातांवर असेच फोड येतात, कारण तेलाने भिजलेली पँट दिवसभर अंगाला चिकटून असते. ती काम संपताच बदलावी आणि हात डिझेलने नव्हे, साबणाने धुवावेत.