‘एकदा शूटिंग केलं की नाटक कायमचं जपलं गेलं’

नाटकवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारं हे वाक्य आपुलकीतून आलेलं आहे, पण ते अर्धंच खरं आहे. शूटिंगमुळे प्रयोग टिपला जातो. टिकवावा मात्र पुढे सतत लागतो.

व्हीएचएस टेपवर, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटमधल्या फितीवर, चुंबकीय कण एका चिकट थराने धरलेले असतात. पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा त्या थरात मुरते, तो सुटू लागतो आणि टेपला बुरशीही धरते. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर उन्हाने, उष्णतेने फिका पडतो. शिवाय यंत्रं! या कॅसेट चालवणाऱ्या व्हीसीआरचं उत्पादन २०१६ च्या सुमारास थांबलं.

सदाशिव पेठेतल्या एखाद्या हौशी संस्थेचं कपाट उघडा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी पूड दिसली, तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. जाणकाराकडे साफ करून, डिजिटल करून घ्या. डीव्हीडी चालते का, हे पहिल्या पाच मिनिटांवर ठरवू नका. बिघाड बरेचदा बाहेरच्या कडेला सुरू होतो, म्हणजे भरलेल्या डिस्कवर शेवटचा अंक आधी अडकतो.

फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून बघा. आणि प्रकाशयोजनेच्या खुणा असलेली संहिताही सोबत ठेवा, कारण कॅमेऱ्याला अख्खा रंगमंच एकाच वेळी नीट दिसत नाही.