ऑनलाइन समुदायातील शोक व स्मरण

इंटरनेटवर वर्षानुवर्षे एकत्र वावरणाऱ्या समूहातला एखादा जुना, सर्वांच्या जिव्हाळ्याचा सदस्य गेल्यावर त्या समूहाने केलेला शोक, आणि त्याची आठवण जपण्यासाठी पाडलेल्या रीती. समूहातल्या बहुतेकांनी त्या माणसाला कधी पाहिलेले नसते. कित्येकांना त्याचे खरे नावही ठाऊक नसते. ठाऊक असते ते टोपणनाव, लिहिण्याची ढब, कुठल्या मुद्द्यावर तो हमखास चिडायचा ते, आणि नवख्याच्या भाबड्या प्रश्नाला सगळ्यांआधी त्याचेच उत्तर यायचे ते. दहा-पंधरा वर्षांच्या अशा सहवासाला ओळख म्हणायचे नाही, तर मग कशाला म्हणायचे?

या शोकाची सुरुवात बहुधा शांततेने होते. माणूस गेला तरी त्याच्या नावापुढे काही बदलत नाही. ते नुसते दिसेनासे होते. घरच्यांना या मित्रांचा पत्ता नसतो, मित्रांना घरच्यांचा. दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी विचारतो, ‘बरेच दिवसांत दिसले नाहीत, कुणाला काही कळलं का?’ मग एके दिवशी तेच ओळखीचे नाव पुन्हा झळकते. वाचणाऱ्याला क्षणभर हायसे वाटते आणि पुढची ओळ येते: ‘मी त्यांची मुलगी लिहिते आहे.’ ज्यांनी हा क्षण अनुभवला आहे त्यांना तो विसरता येत नाही. मृत माणसाच्या नावाखाली दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज ऐकू येण्याचा हा प्रसंग या माध्यमाखेरीज फारसा कुठे घडत नाही.

प्रत्यक्ष जगातल्या शोकात मृतदेह समोर असतो आणि माणसाचे बोलणे हळूहळू विसरले जाते. इथे नेमके उलटे असते. देह कुणी पाहिलेला नसतो, पण बोललेला शब्द न् शब्द तारीख-वेळेसकट शिल्लक असतो. हे शब्द म्हणजेच मागे राहिलेला माणूस, ही जाणीव पहिल्या पिढीतल्या समूहांनाच झाली होती. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘द वेल’ या समूहातल्या एका सदस्याने १९९० मध्ये आपले सारे जुने लेखन स्वतःच पुसून टाकले. पुढे काही आठवड्यांतच त्याचा मृत्यू झाला. त्याने लिहिलेले गेल्यामुळे इतरांच्या जुन्या संभाषणांनाही भोके पडली, कुणाला उद्देशून काय म्हटले होते तेच कळेनासे झाले, आणि पुसलेल्या शब्दांबद्दल सदस्यांनी माणसाइतकीच हळहळ केली. त्याच समूहातले भविष्यवेधी अभ्यासक टॉम मँडेल यांनी मात्र उलट वाट धरली. फुप्फुसाच्या कर्करोगाशी चाललेल्या झुंजीची हकिगत ते तिथेच लिहीत राहिले, निरोपही स्वतःच्या शब्दांत घेतला आणि एप्रिल १९९५ मध्ये ते गेले. मरणाऱ्या माणसाने समूहाला निरोप देण्याच्या या माध्यमातल्या सुरुवातीच्या उदाहरणांत त्यांची गणना होते.

असा शोक अनेकदा एका शोधातही बदलतो. जोएल क्लेकर हा डेबियन ही मुक्त संगणक प्रणाली घडवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी एक. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजवत नेणारा आजार होता आणि कामाचा बराचसा काळ त्याने अंथरुणाला खिळून काढला. सोबत काम करणाऱ्या बहुतेकांना याची गंधवार्ताही नव्हती. त्यांच्या लेखी तो एक चोख, तत्पर सहकारी होता, बस. ११ जुलै २००० रोजी वयाच्या २१व्या वर्षी तो गेला, आणि महिनाभराने आलेली डेबियनची २.२ ही आवृत्ती त्याच्या स्मृतीला अर्पण झाली. डेबियनचे संस्थापक इयन मर्डॉक २०१५ च्या अखेरीस गेले तेव्हा हीच रीत पाळून २०१७ ची ९वी आवृत्ती त्यांना अर्पण करण्यात आली. ‘विम’ या मजकूर-संपादनाच्या संगणक प्रणालीचे कर्ते ब्राम मूलेनार ऑगस्ट २०२३ मध्ये वारले. जानेवारी २०२४ ची ९.१ ही आवृत्ती त्यांच्या नावे आहे. हाताने काम करणाऱ्यांनी हातचे काम वाहावे, याहून उचित आदरांजली सुचणे कठीण.

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची हकिगत क्लेकरला होता त्याच आजाराची, पण तिची दिशा उलटी आहे. चाकांच्या खुर्चीत अडकलेल्या या तरुणाचा बहुतेक वेळ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात जाई. मुलगा मित्रांवाचून एकटाच राहिला, अशी आईवडिलांची समजूत आणि हेच त्यांचे मोठे दुःख होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या २५व्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर चार ओळींत बातमी दिली आणि खाली आपला ईमेल पत्ता लिहिला. पत्रे येऊ लागली. एक, दोन, मग थांबेचनात. युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतली, मुलाला ‘इबेलिन’ या नावाने ओळखणारी माणसे लिहीत होती: त्याने आमचे ऐकून घेतले, आम्हांला सावरले, आमच्या घरातला अबोला मोडायला मदत केली. ‘स्टारलाइट’ या त्याच्या गटातले काही जण अंत्यविधीसाठी प्रत्यक्ष हजर झाले, आणि त्याच्या स्मरणार्थ हा गट खेळातच दरवर्षी एकत्र धावतो. आईवडिलांनी त्याचे आजारपण पाहिले होते, गटाने त्याचा स्वभाव पाहिला होता. तो आख्खा कळला तो या दोघांची भेट झाल्यावर. ऑनलाइन शोकाचे सर्वांत मोलाचे काम हेच आहे: एका माणसाची दोन घरांत विभागलेली आठवण तो एकत्र आणतो.

स्मरणाच्या रीती प्रत्येक समूहाच्या रोजच्या साधनांतून घडतात. इंग्रजी विकिपीडियावर दिवंगत संपादकांचे स्वतंत्र पान आहे, आणि त्यांच्या सदस्यपानात कुणी ढवळाढवळ करू नये म्हणून ते सहसा सुरक्षित केले जाते. ‘मेटाफिल्टर’ या संकेतस्थळावर मृत्यूच्या बातमीखाली फक्त एक पूर्णविराम टाकायची प्रथा आहे. एरवी मुद्दा सोडायला तयार नसलेली माणसे ओळीने एकेक टिंब ठेवून जातात. पान खाली सरकवत जावे तशी टिंबांची रांग लांबत जाते. लेखक टेरी प्रॅचेट यांच्यासाठी वाचकांनी काढलेली युक्ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. त्यांच्या एका कादंबरीत संदेशवाहक मनोऱ्यांवरचे कामगार मेलेल्या सहकाऱ्याचे नाव एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर सतत पुढेमागे खेळते ठेवतात, आणि त्यासाठी नावाआधी ‘जीएनयू’ हा संकेत लावतात. प्रॅचेट स्वतः नव्वदच्या दशकात यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर आपल्या वाचकांच्या गटात येऊन लिहीत असत. मार्च २०१५ मध्ये ते गेल्यावर वाचकांनी आपापल्या संकेतस्थळांच्या सर्व्हरना ‘जीएनयू टेरी प्रॅचेट’ ही ओळ जोडली. पान उघडणाऱ्याला ती दिसत नाही, पण सर्व्हरने धाडलेल्या प्रत्येक उत्तरासोबत ती प्रवास करते.

बाहेरच्या जगाला हा शोक पटवून देणे मात्र जड जाते. ‘कधी भेटलाही नव्हतात ना?’ या एका प्रश्नापुढे माणूस गप्प होतो. कचेरीत रजा मागता येत नाही, घरात डोळे पुसताना कारण सांगवत नाही. समाज ज्याला मान्यता देत नाही अशा दुःखासाठी शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये एक संज्ञा रूढ केली. मराठीत तिला ‘बिनहक्काचा शोक’ म्हणता येईल. समूहातल्या श्रद्धांजलीच्या पानाचे महत्त्व यामुळेच वाढते. रडण्याचा हक्क न मागता मिळतो अशी ती एकच जागा असते. १९९६ मध्ये क्लास, सिल्वरमन आणि निकमन या अभ्यासकांनी मांडले की मृताशी नाते तोडण्यापेक्षा ते वेगळ्या रूपात चालू ठेवणे हाही निरोगी शोकच आहे. जुने लिखाण पुन्हा वाचणे, त्याचा आवडता विषय त्याच्या वाढदिवशी काढणे, त्याचेच शब्द वापरून नव्याला समजावणे, ही त्या नात्याची साधी रूपे.

विश्वासाला तडा जाण्याचे प्रसंगही घडले आहेत. २००१ मध्ये ‘केसी निकोल’ नावाच्या कर्करोगग्रस्त तरुणीच्या मृत्यूने हजारो माणसे हळहळली. अशी तरुणी कधी नव्हतीच, हे नंतर उघड झाले. तेव्हापासून जाणती व्यवस्थापक मंडळी बातमीची हळुवारपणे खातरजमा करून घेतात, आणि त्यात गैर काही नाही. २००६ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्येच एका दिवंगत खेळाडूसाठी निःशस्त्र जमलेल्यांवर दुसऱ्या गटाने हल्ला चढवला. खेळाचे नियम मोडले नव्हते, असा त्यांचा बचाव होता. तो खराच होता, आणि तरीही अपुरा.

मागे राहिलेल्या खात्याचे काय करायचे, हा प्रश्न पुढे कायद्यापर्यंत गेला. फेसबुकने २००९ मध्ये स्मृतिखात्याची सोय केली. अशा खात्याच्या वाढदिवसाची आठवण मित्रांना पाठवली जात नाही, आणि ज्याला ती आठवण एकदा येऊन गेली आहे त्यालाच या सोयीची किंमत कळेल. २०१५ पासून आपल्या पश्चात खाते सांभाळणारा माणूस आधी नेमून ठेवता येतो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये एका मृत किशोरीचे खाते पत्रांसारखेच वारसाहक्काने आईवडिलांकडे जाते, असा निकाल दिला.

जागाच बंद पडली तर मात्र कायद्याचा उपयोग नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. त्यांच्याबरोबर कितीतरी शोकसंदेश आणि मृतांच्या हातचे मूळ लेखन गेले. म्हणून जुन्या समूहांतले काही जण दिवंगत मित्रांचे लिखाण आपल्या संगणकावर उतरवून ठेवतात. कुणी सांगितलेले नसते, पण फाइलला नाव मात्र ते टोपणनावाचेच देतात.

आणि जिथे जागा अजून चालू आहे, तिथे अधूनमधून असे घडते: एखादा नवा सदस्य शोधत शोधत बारा वर्षांपूर्वीच्या उत्तरापाशी येतो, त्याची अडचण सुटते, आणि तो खाली लिहितो, ‘खूप आभार, तुमच्यामुळे जमलं.’ जुनी माणसे ते वाचतात. लगेच कुणी काही सांगत नाही. दिवसभराने त्यांच्यापैकी एक जण त्या दिवंगताच्या वतीने लिहितो, ‘पुढे काही अडलं तर विचारा.’