सूर्याला गिळायला टपलेले साप आणि लांडगे

ग्रहण लागलं की आपल्याकडे राहूचं नाव निघतंच. सूर्याला गिळायला कोणीतरी टपून बसलंय ही कल्पना प्राचीन इजिप्तमध्येही होती आणि पार उत्तरेला नॉर्स लोकांकडेही, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांकडेही होती, फक्त दोघांच्या गोष्टीचा शेवट एकदम उलटा आहे, आणि मला तरी त्यातच जास्त इंटरेस्ट आहे.

इजिप्तचा सूर्यदेव म्हणजे रा. दिवसा होडीतून आकाश पार करायचं आणि रात्री पाताळातून परत पूर्वेला यायचं ही त्याची रोजची ड्युटी. तिसऱ्या थुटमोस राजाच्या थडग्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी 15व्या शतकात, हा रात्रीचा प्रवास बारा तासांत वाटून भिंतीवर काढलेला आहे. सातव्या तासाला अपोफिस नावाचा अजस्र साप आडवा येतो. आता गंमत बघा, बऱ्याच चित्रांत होडीच्या टोकाला भाला घेऊन उभा असतो तो सेट, ज्याने सख्ख्या भावाला, ओसायरिसला, मारून त्याचे तुकडे केले आणि ओसायरिसच्या बायकोला, बिचाऱ्या इसिसला, ते गोळा करत फिरावं लागलं. पण वादळाचा देव आहे, अंगात ताकद आहे, त्यामुळे बंदोबस्ताला तोच लागतो.

पुजारीही स्वस्थ बसायचे नाहीत. मेणाचा अपोफिस करायचा, त्याच्यावर थुंकायचं, डाव्या पायाने तुडवायचा, सुरी खुपसायची आणि मग जाळायचा, ह्या सगळ्याच्या लेखी सूचना असलेला पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी, आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सकाळी सूर्य उगवायचाच, म्हणजे विधी दर वेळी सक्सेसफुल!

हा भरवसा कुठून आला? माझ्या मते नाईलमधून. इथिओपियाच्या डोंगरांत जून ते सप्टेंबर, म्हणजे आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हाच, धो धो पाऊस पडतो आणि तो पूर गाळ घेऊन इजिप्तला पोचायचा. पुराचा देव हापी, सुटलेल्या पोटाचा, खाऊनपिऊन सुखी. पूर कमीजास्त व्हायचा, दुष्काळही पडले, पण चक्र फिरत राहायचं.

नॉर्स देवांचं मात्र सगळं आधीच ठरलेलं आहे, आणि ते हरणार आहेत. तिथे सूर्य ही देवी, सोल. तिच्या मागे स्कोल नावाचा लांडगा धावतोय. रॅग्नारोकच्या, म्हणजे जगाच्या शेवटच्या लढाईच्या वेळी लांडगा तिला गिळतो, ज्ञानासाठी स्वतःचा डोळा दिलेल्या ओडिनला, म्हणजे देवांच्या प्रमुखाला, फेनरीर नावाचा दुसरा लांडगा खातो, गडगडाटाचा देव थॉर महासर्पाला मारतो पण विषामुळे नऊ पावलं टाकून स्वतःही कोसळतो. आणि ह्या सगळ्याआधी येतो फिम्बुलविंटर, म्हणजे सलग तीन हिवाळे, मध्ये उन्हाळाच नाही.

इथे विज्ञानाचा संबंध येतो. इ.स. 536 मध्ये आणि पुन्हा 540च्या सुमारास मोठे ज्वालामुखी फुटले, बर्फाच्या थरांत त्यांचं गंधक सापडतं आणि झाडांच्या खोडातल्या त्या वर्षांच्या कड्या अगदी बारीक आहेत. सूर्य वर्षभर चंद्रासारखा निस्तेज दिसत होता असं प्रोकोपियस ह्या बायझंटाइन इतिहासकाराने तेव्हाच लिहून ठेवलंय. स्वीडन-नॉर्वेत त्या शतकात कितीतरी वस्त्या ओस पडल्या. फिम्बुलविंटर ही त्याचीच आठवण असावी असं काही संशोधक म्हणतात. मला पटतं, पण जपून, कारण ह्या कथा सविस्तर लिहिल्या त्या आइसलंडच्या स्नोरी स्टर्लुसनने, 1220च्या आसपास, तोपर्यंत तिथले लोक ख्रिश्चन होऊन दोन शतकं झालेली. मूळ किती आणि नंतरची भर किती हे वेगळं काढणं अवघडच.

अपोफिस मात्र अजून चर्चेत आहे. 2004 मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाला त्याचंच नाव दिलंय, आणि 13 एप्रिल 2029 ला तो पृथ्वीपासून साधारण 32,000 किलोमीटरवरून जाणार आहे, आपल्या टीव्हीच्या सॅटेलाइटपेक्षाही जवळून. आदळणार नाही, पुढची शंभर वर्षं तरी नाही, असं नासाने 2021 मध्येच सांगून टाकलंय, त्यामुळे मेण आणायची गरज नाही.